हातभर उघडी भिंत

*फलक: स्वयंपाकीण. तैलरंग. श्री. ई. पेर्लहेफ्टर यांजकडून भेट, १९३८.*

गुरुवारी कामावरून सुटले की मी माल्विना आत्याकडे कॉफीला जायची. तिचं घर लिओपोल्डश्टाट या जुन्या ज्यू वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद असली की ती वरून कठड्यावरून वाकून ओरडायची, "सावकाश ये, डोरली. मला वारस एकच उरलाय."

त्या गुरुवारी खसखशीचा केक होता आणि रेडिओवर नव्या कायद्याची चर्चा चालली होती. नाझींच्या काळात ज्यूंच्या घरांतून सरकारी संग्रहालयांत गेलेली चित्रं आता मूळ घराण्यांना परत मिळू शकणार होती. 'भेट' म्हणून नोंदलेलीसुद्धा. आत्या काट्याने केकचे तुकडे करत ऐकत होती. खात नव्हती.

"साठ वर्षांनी आठवलं," ती म्हणाली. "बरं झालं. आणखी दहा थांबले असते तर परत घ्यायला कुणी उरलंच नसतं. सगळ्यांचीच सोय झाली असती."

"अर्ज करू या का?"

"कर. पण मला बाकीचं काही नको. घोडे नको, बोटी नको, ती फळांची ताटं तर मुळीच नको. मला फक्त आई हवी."

*

माझं काम भिंतींचं. जुन्या इमारतीत ओल कुठून चढते, गिलावा का सुटतो, तडा जिवंत आहे की जुना, हे बघून सांगणं. भिंत कधी उगाच काही करत नाही, असं मी आयुष्यभर मानत आले. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला हळवी समजू नये.

*

*फलक, माझ्या हातून: स्वयंपाकीण नव्हे. फ्राउ रेगिना पेर्लहेफ्टर, घरमालकीण. भेट नव्हे.*

माझे आजोबा एमानुएल बटणांचे व्यापारी. बटणांवर मिळवलं ते त्यांनी चित्रांवर घालवलं. दिवाणखाना भरला, मग जेवणाची खोली, मग दरवाजातून आत आल्यावरची बोळवजा जागा.

त्या जागेत एक अडचण होती. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याची आठवण म्हणून आमच्यातली धार्मिक माणसं दारासमोरच्या भिंतीवर हातभर लांब-रुंद चौकोन गिलाव्याशिवाय सोडतात. घरात शिरणाऱ्याला पहिली ती उघडी वीट दिसली पाहिजे. कितीही सजवलंत, तरी एक घर पडलेलं आहे, हे विसरायचं नाही. आजीने लग्न झाल्यावर हट्टाने तो चौकोन ठेवून घेतला होता.

आजोबांना त्याची लाज वाटायची. मोठमोठे पाहुणे यायचे, टोपी काढता काढता विटांकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. शेवटी आजोबांनी तिथे एक खिळा ठोकला आणि चौकोन झाकेल एवढं चित्र लावलं. भांडण नको म्हणून चित्र आजीचंच लावलं. ऍप्रन बांधून, बाह्या सरसावून, शुक्रवारच्या वेणीच्या पावाची कणीक मळणारी आजी. एका उधार खाणाऱ्या चित्रकाराने स्वयंपाकघरात उभं राहून काढलेली.

आजी म्हणाली होती, "पाहुण्यांची लाज वाटते, आणि वर बसलाय त्याची नाही?"

मग अडतीस साल आलं. नाझींचे साहेब आले. हातमोजे न काढता एकेक चित्र बघत फिरले. देश सोडायचे कागद हवे असतील तर संग्रहालयाला काही 'भेट' द्यावी, असं सुचवलं गेलं. आजोबांनी सही केली. घोडे गेले, बोटी गेल्या, दारासमोरची आजीही गेली. कागद आले ते फक्त मुलांचे. माझे वडील आणि आत्या इंग्लंडला गेले. आजी-आजोबांना पुढे पूर्वेकडच्या छळछावण्यांच्या गाडीत बसवलं.

युद्धानंतर दोघं भावंडं परत आली. का, असं विचारलं तर आत्या म्हणायची, "त्यांना माझं तोंड रोज बघायला लागावं म्हणून."

सिनेगॉगमधली जुनी मंडळी तेव्हा तिला सांगायची, तुझ्या बापाने तो चौकोन झाकला, त्याचं हे फळ. आत्या अजून ते आठवलं की लाल होते.

"माझ्या बापाने खिळा ठोकला. एक खिळा. आम्हाला घराबाहेर काढलं ती माणसं खिळ्यामुळे आली नव्हती."

*

होफ्राट ट्रेंकवाल्डर हे संग्रहालयात आजीचं चित्र होतं त्या विभागाचे प्रमुख. होफ्राट ही पदवी. आत्याचं म्हणणं, त्यांना नुसत्या नावाने हाक मारली तर ते मागे वळून बघतात, कुणाला बोलावताहेत म्हणून. उंच, नीट भांग पाडलेले, आवाज असा की समोर कायम कुणी झोपलेलं आहे.

"अडचण समजून घ्या, बाईसाहेब," ते आत्याला म्हणाले. "चित्र तुमच्या घरातून आलं, मान्य. पण ती तुमची आई, हे कशावरून? तुमच्या आई श्रीमंत घरच्या. त्या ऍप्रन बांधून कणीक मळताना स्वतःचं चित्र का काढून घेतील?"

"कारण गुरुवार होता, होफ्राट. शुक्रवारच्या पावाची कणीक आदल्या दिवशी. त्या दिवशी ती मोलकरणीला पिठाला हात लावू द्यायची नाही."

"हे जरासं... घरगुती आहे."

"आईसुद्धा घरगुतीच असते. तुमची सरकारी होती का?"

त्यांनी ओठ आवळले. आत्याने पर्स उचलली. "मला ती बघू द्या. दर महिन्याला तिकीट काढून बघते. गेल्या दोन खेपांना ती जागेवर नव्हती."

"चित्र आत ठेवलंय. त्या दालनात थोडं काम आहे."

"काय काम?" मी विचारलं.

"ओल," होफ्राट म्हणाले.

*

ओल नव्हती.

दालन रिकामं होतं. दारासमोरच्या भिंतीवर प्लायवूडचा एक तक्ता स्क्रूने बसवला होता. तक्ता घाईत बसवलेला, खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. मी बोट घातलं. कोरडं. मग पुन्हा घातलं, कारण बोटाला जे लागलं ते तिथे असायला नको होतं.

वीट.

संग्रहालयाचा तो भाग बाँबमध्ये पडला आणि पन्नासच्या दशकात नव्याने बांधला. मी त्याच्या तळघराचं काम केलेलं आहे. तिथे काँक्रीट आहे. वरपासून खालपर्यंत काँक्रीट. त्या भागात वीट नाही.

"काय गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग तक्त्याकडे. मग दाराकडे. मग पुन्हा तक्त्याकडे. आणि तिने तक्त्यावर कोपर टेकवून हात सरळ केला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. तक्ता बरोबर तेवढा होता.

ती हसली नाही. पण परत येताना ट्राममध्ये मात्र हळूच गुणगुणत होती.

*

*फलक, माझ्या हातून: श्री. ई. पेर्लहेफ्टर यांजकडून घेतलं. आधी घर, मग चित्र, मग माणसं. क्रम चुकला असल्यास क्षमस्व.*

जूनमध्ये होफ्राटांचा फोन आला. मला. खासगी.

"इंजिनियर बाई, तुम्ही भिंतींचं बघता ना?"

मी गेले. दुपारची वेळ, सोमवार, संग्रहालय बंद. तक्ता काढून ठेवला होता. हातभर चौकोन. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. आत जुन्या, काळपट, हाताने थापलेल्या विटा, मधला चुना भुसभुशीत. मी हातोडीने आजूबाजूला ठोकून बघितलं. चौकोनाबाहेर काँक्रीटचा आवाज. चौकोनात विटेचा. क्षार नाहीत, ओल नाही, तडा नाही.

"किती वेळा भरलात?"

"मोजणं सोडलं. गवंडी भरतो. सकाळी पूड खाली पडलेली असते, बारीक, चाळल्यासारखी. चित्र दुसऱ्या दालनात हलवलं, तर तिथे दारासमोर हेच. लिंट्स शहरात प्रदर्शनाला दिलं होतं. त्यांनी मुदतीआधीच परत पाठवलं. कारण कळवलं नाही." ते माझ्याकडे वळले. "तुमचं मत?"

"माझं मत तुम्हाला ठाऊक आहे."

"मी व्यावसायिक मत विचारतोय."

"व्यावसायिक मत असं की ही भिंत इथली नाही."

त्यांनी रुमाल काढून हात पुसले. त्यांनी भिंतीला हात लावलेला नव्हता.

"तुमच्या आत्यांना विचारा," ते म्हणाले, "चित्र त्यांनी घरी न्यावं. दीर्घ मुदतीसाठी उसनं. हयातभर म्हणा. फक्त कागदोपत्री ते संग्रहालयाचं राहील. अट काही नाही. आजसुद्धा न्यावं."

*

"उसनी?" आत्या म्हणाली.

तिने कप खाली ठेवला. बशीत नाही, टेबलावर.

"माझी आई मला उसनी देतायत."

"आत्या, तू तिला घरी आणशील. रोज बघशील. तुझं वय—"

"माझं वय मला सांगू नकोस. डोरली, त्यांनी माझ्या बापाकडून लिहून घेतलं, हे मी आपखुशीने दिलं. आता माझ्याकडून लिहून घेणार, हे तुमचंच आहे, मला वापरायला दिलंत, आभारी आहे. म्हणजे दोन पिढ्यांच्या सह्या. नाही. तो फलक बदलायचा. भेट हा शब्द काढायचा आणि काय झालं ते लिहायचं. मग मी स्वतः जाऊन काखेत मारून आणीन."

"आणि नाही बदलला तर?"

"तर ती तिथेच राहू दे. त्यांना गिलावा करत बसू दे."

हे ती म्हणाली. पण रात्री तिने मला फोन केला आणि काहीच न बोलता बराच वेळ धरून ठेवला. मी तिचा श्वास ऐकत होते. तिला आई मरायच्या आधी घरी हवी होती. आत्याच्या मरायच्या आधी, म्हणजे. आईचं मरण कधी, कुठे, कुणी सांगितलं नव्हतं.

*

उत्तर तोंडावर द्यायचं म्हणून आत्या स्वतः आली. गुरुवार होता. तिने मुद्दाम निवडला नव्हता, होफ्राटांना तोच सोयीचा होता.

दालनात आम्ही तिघंच. चित्र आणून दारासमोर खुर्चीवर टेकवलेलं. त्यामागे उघडा चौकोन. आजी कणकेत मनगटापर्यंत बुडालेली, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, कपाळावर पिठाचं बोट. चित्रकाराने डागही रंगवला होता, कारण तो होता.

"नाही," आत्या म्हणाली. "सही करणार नाही. शब्द बदला."

"बाईसाहेब, एक शब्द बदलला तर..." त्यांनी हात हलवला. तो हात आजूबाजूच्या भिंतींवरून फिरला, पुढच्या दालनाकडे गेला, त्याच्या पुढच्या दालनाकडे. "कुठे थांबायचं?"

"हा विचार अडतीस साली करायचा होता."

ते नाक वर करून हवा हुंगत होते.

मलाही आला वास. आंबलेल्या कणकेचा. मागून तापलेल्या ओव्हनचा.

आत्या विटांपाशी गेली. तळहात टेकवला.

"गरम आहे," ती म्हणाली. "इथल्या मागे स्वयंपाकघर होतं."

इथल्या मागे काहीही नव्हतं. मी खिडकीतून बाहेर वाकून बघितलं. भिंतीच्या पलीकडे दोन मजले खोल अंगण आणि चेस्टनटची झाडं.

मग आवाज.

कणीक ओट्यावर आपटल्याचा. थप्प. उलटवल्याचा. पुन्हा थप्प. घाई नाही, राग नाही. दर आठवड्याला करतात तसं.

होफ्राट भिंतीला पाठ लावून उभे होते, दुसऱ्या भिंतीला.

आत्याने कान टेकवला. तिचे डोळे मिटलेले. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, आणि तिने टाचा उचलल्या होत्या, ओट्यावर काय चाललंय ते बघायला मुलं उचलतात तशा.

"आई," ती म्हणाली. "मी आहे. माल्वी."

आवाज थांबला.

आम्ही वाट बघितली.

विटेवर, पलीकडून, कुणीतरी ओला हात ठेवला. मी तो ऐकला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आत्याने कान विटेवरून काढला. मग वळली. चेहरा कोरडा, आवाज कोरडा. "ऐकलंत, होफ्राट? आता सांगा, स्वयंपाकीण आहे."

*

*फलक, संग्रहालयाच्या हातून, समितीच्या निर्णयानंतर: स्वयंपाकीण. तैलरंग. श्री. ई. पेर्लहेफ्टर यांजकडून स्वेच्छेने भेट, १९३८.*

होय, आमचा अर्ज तपासणाऱ्या समितीने तो फेटाळताना एक शब्द वाढवला. स्वेच्छेने.

मी त्या दिवशी रस्त्यात उभी राहून माणसं बघत होते. आइस्क्रीम खाणारी, कुत्री फिरवणारी. यातल्या एकालाही ओरडून सांगावंसं वाटलं नाही, आणि सगळ्यांनाच सांगावंसं वाटलं. भिंतीच्या आवाजाचा पुरावा देता येत नाही. वासाचा तर नाहीच. मला मात्र पुरावा मागणाऱ्यांची कमाल वाटली. घर रिकामं करताना त्यांनी कुणाकडे पुरावा मागितला होता?

आत्याला मी सांगितलं, तेव्हा ती पलंगावर पडून होती. पायाला सूज. ती म्हणाली, "केक उरलाय. शिळा होईल. खा."

*

आणि ऑक्टोबरात होफ्राट स्वतः आले. टॅक्सीने, लिओपोल्डश्टाटला, लिफ्ट बंद असताना तीन मजले चढून. काखेत चादरीत गुंडाळलेलं चित्र. दुसऱ्या हातात पितळी फलक.

फलकावर होतं: *फ्राउ रेगिना पेर्लहेफ्टर, आपल्या घरी. कुटुंबाकडून बळजबरीने घेतलेले, १९३८. परत केले, १९९९.*

"मंत्रालयात मी स्वतः जाऊन बसलो," ते म्हणाले. ते वाळले होते. दाढी एका गालावर नीट झालेली नव्हती.

आत्या उठून बसली. तिने फलक वाचला, दोनदा. मग डोळ्यांपासून लांब धरून आणखी एकदा.

"बसा," ती म्हणाली. "कॉफी घ्या. मी तुम्हाला माणूस समजत नव्हते, ते मागे घेते."

तिने चित्र भिंतीवर लावू दिलं नाही. "ती आता काही झाकणार नाही," म्हणाली. स्वयंपाकघरात टेबलावर, भिंतीला टेकवून उभं केलं, पिठाच्या डब्याशेजारी. त्या हिवाळ्यात तिचे पाय बरे झाले नाहीत, पण ती रोज तिथे बसायची आणि बटाटे सोलता सोलता चित्राशी भांडायची. जानेवारीत गेली. तिथेच, खुर्चीत, दुपारी. मला सांगायला हवं की चित्र घरी आलं तेव्हापासून मी सुखावले होते. त्यांच्यातल्या एका माणसाला तरी लाज वाटली, असं मला वाटत होतं.

*

मार्चमध्ये होफ्राटांचा पुन्हा फोन आला. घरी या, म्हणाले. त्यांच्या घरी.

शहराच्या नवव्या विभागात, जुनी भारदस्त इमारत, उंच छत, रुंद जिना. दार त्यांनीच उघडलं. मी आत पाऊल टाकलं आणि समोर बघितलं.

हातभर चौकोन. सरळ कडा. विटा.

"कधीपासून?"

"गेल्या सप्टेंबरपासून."

सप्टेंबर. म्हणजे ते ऑक्टोबरात जिने चढून आले, त्याआधीपासून. म्हणजे लाज नव्हती, भीती होती. आत्या गेली हे बरं झालं, असं त्या एका क्षणी मला वाटलं.

"संग्रहालयातली भिंत आता ठीक आहे," ते म्हणाले. "चित्र तुमच्याकडे आलं त्या दिवशी गवंड्याने भरली, ती टिकली. मला वाटलं, इथेही थांबेल. थांबलं नाही. तुम्ही काहीतरी करा. तुमच्या लोकांचा काही विधी असेल."

"हा आमचा चौकोन नाही, होफ्राट. आमचा मिटला."

"मग कुणाचा?"

"हे घर तुम्हाला कसं मिळालं?"

त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. "माझ्या वडिलांना दिलं होतं. अडतीसच्या शेवटी. रिकामं होतं."

"आधी कोण राहायचं?"

"मला माहीत नाही." त्यांची नजर विटांकडे गेली. "मी कधी विचारलं नाही."

"मग विचारा," मी म्हणाले.

तेवढ्यात विटांमागे कुणीतरी घसा साफ केला.

पुरुष. वयस्क. बोलायच्या आधी करतात तसा.

आम्ही दोघंही हललो नाही. पुढे काही आलं नाही.

"रोज करतो," होफ्राट कुजबुजले. "मी इथे खुर्ची घेऊन बसतो. तो बोलत नाही."

मी कोट घातला. त्यांनी माझी बाही धरली, मी सोडवून घेतली. दार मागे ओढलं आणि जिना उतरायला लागले.

खालच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. दोन्ही दारांबाहेर, पायपुसण्याशेजारी, पडलेल्या गिलाव्याच्या पुडीचं एकेक पोतं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्याच्या खालच्या मजल्यावरही.